पलीकडचा ऊबदार गोटा

एका रानात सगळं मिळायचं, आणि मिळालेलं कुणालाच आवडायचं नाही. बोरं होती ती आंबट लागायची, सावली होती ती पातळ वाटायची, झऱ्याचं पाणी गोड होतं पण मेलं रोजचंच. रानाच्या कडेला खाडी होती आणि खाडीपलीकडे दुसरं रान होतं. ते कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते फार चांगलं होतं.

पलीकडचा माल घ्यायची रीत सोपी होती. भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी घटकाभर थांबतं, तेव्हा खाडीचा आरसा व्हायचा. तेवढ्या वेळात पलीकडचे विकणारे आपापला माल उंच धरायचे आणि त्याची पडछाया अलीकडच्या काठाशी यायची. विकणारे कधी कुणाला दिसले नाहीत. माल तेवढा दिसायचा, तोही उलटा. पण पाण्यात काय, शेणीसुद्धा चकाकते. ज्याला जे हवं त्यानं त्या पडछायेवर टोच मारायची. टोच मारली की पाण्यावर वर्तुळ उठायचं, मोठं होत होत पलीकडे जायचं, आणि तिकडे समजायचं की गिऱ्हाईक लागलं. मग बगळा यायचा आणि किंमत घेऊन जायचा. किंमत द्यायची ती आपापल्या अंगावरून. पाखरांनी पिसं, मेंढीनं लोकर, साळिंदरानं काटे. मारलेली टोच परत घेता येत नसे. पाण्यावरचं वर्तुळ माघारी वळलेलं कुणी बघितलंय का?

त्या रानात जांभळीच्या बुंध्याशी काबरी नावाची कोंबडी राहायची. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, आणि चालताना एक पाय जरा ओढायची. तिला कोंबडा होता, पण तो आरवण्यापुरता. गेल्या दोन खेपेला काबरीची अंडी वाया गेली होती. झालं होतं असं की ती अंड्यांवर बसायची खरी, पण पाणी थांबायची वेळ झाली की तिच्या पायांना खाज सुटायची. आज काय नवीन आलं असेल? नुसतं बघून येते, टोच नाही मारत. असं म्हणून जायची ती ऊन कलल्यावर यायची. अंड्यांनी थोडी वाट बघितली, मग बघायची सोडली. काबरीनं त्यातून एवढंच काढलं की आपलं वय झालं आणि आपल्या अंगातली ऊब सरली.

आणि अशात तिला एक अंडं झालं. एकच. यानंतर दुसरं होणार नाही, हे तिला आतूनच कळलं होतं. ती अंड्याकडे बघायची आणि आपल्या छातीकडे बघायची, आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

शेजारी गोदी बदकीण होती. ती पाण्यावरचीच, त्यामुळे पलीकडचं सगळं तिला आधी कळायचं. ती अंगावर नवी शाल मिरवत आली.

"बसून उबवणार आहेस की काय?" गोदी म्हणाली. "अगं, आपल्या आज्या बसायच्या. त्यांना दुसरं होतं काय करायला!"

"मग करू काय गं? माझ्यात ऊब राहिली नाही."

"पलीकडे ऊबदार गोटे मिळतात. अंड्याला लावून ठेवायचा आणि आपण हिंडायला मोकळं. ही माझी शाल बघ. हिला पाणी लागत नाही."

काबरीनं शाल न्याहाळली. "पण गोदे, तुला तसंही कुठं पाणी लागतं?"

"तुझं हे असंच," गोदी फणकारली. "दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही मेलीला."

शालीच्या किमतीपायी गोदीच्या पाठीवरची पांढरी पिसं गेली होती आणि तिथं आता खरंच पाणी लागत होतं. पण वर शाल असल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं तेव्हा काबरी काठावर हजर होती. आणि दिसला की गोटा! गोल, गुळगुळीत, हिरव्या शेवाळात गुंडाळलेला, आणि आतून जणू निखारा. काबरीनं डोळे मिटले आणि टोच मारली. बगळा आला, एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "बारा पिसं. छातीचीच लागतात, शेपटीची चालत नाहीत." काबरीनं बारा पिसं उपटून दिली. दुखलं, पण अंड्यासाठी कोण नाही देत?

कोंबडीच्या जातीला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. अंडं सातआठ दिवस नुसतं पडून राहिलं तरी तग धरतं. पुढं त्याला ऊब मिळाली नाही तर ते अंडं राहत नाही, नुसतं कवच राहतं. आणि एकदा ऊब द्यायला लागलं की एकवीस दिवस खंड पडता कामा नये. काबरीनं अंडं गवतात झाकलं आणि वाट बघू लागली.

चौथ्या दिवशी बगळा गोटा घेऊन आला. पण तो तिच्या हातात पडेना, कारण मधे जकातनाका होता. नाक्यावर खेकडा बसायचा. पलीकडून येणाऱ्या मालावर काय घ्यायचं याची यादी त्यानं वाळूवर लिहिलेली असायची. भरती आली की ती पुसायची, ओहोटीला तो नवी लिहायचा. त्यामुळे कालचा भाव आज विचारून उपयोग नव्हता. आणि त्याला सरळ प्रश्न विचारला तरी तो उत्तराला आडवाच निघायचा.

"गोटा," खेकडा म्हणाला. "गोट्यावर काही नाही. गोटे आपल्याकडे पुष्कळ."

काबरीचा जीव भांड्यात पडला.

"पण हा गरम आहे. गरम म्हणजे चैन. चैनीवर आहे. वर शेवाळ आहे. शेवाळ म्हणजे झाडपाला, त्याची तपासणी. वीस पिसं होतील."

"साहेब, गोटाच बारा पिसांचा हो!"

"मी कुठं म्हणतो घ्या म्हणून? नका घेऊ. पडू दे इथं. पडल्याचं भाडं होईल ते वेगळं."

काबरीनं वीस पिसं दिली. छातीवर आता बोटभर पट्ट्यात नुसती कातडी उरली, गुलाबी, सुरकुतलेली. वारा आला की तिला तिथंच पहिल्यांदा कळायचा. आणि एवढं देऊनही गोटा लगेच मिळाला नाही. तपासणी म्हणून खेकड्यानं तो तीन दिवस ओल्या चिखलात पुरून ठेवला. सातव्या दिवशी काबरीच्या हाती आला तेव्हा तो थंडगार होता. झऱ्यातल्या कुठल्याही गोट्यासारखा. फरक इतकाच की झऱ्यातला फुकट होता.

काबरी तशीच नाक्यावर परतली. "साहेब, गरम म्हणून वीस पिसं घेतलीत. हा तर गार आहे. गरमाची जकात परत द्या."

"जकात घेतली तेव्हा गरम होता," खेकडा म्हणाला. "आता गार असेल, तर तो तुमचा आणि विकणाऱ्याचा प्रश्न. त्या रांगेत उभं राहा."

नाक्याच्या अंगाला एक रांग होती. तक्रारवाले सगळे तिथं असायचे. मेंढ्या, पाखरं, एक म्हातारं साळिंदर. काही इतके जुने होते की त्यांच्या पायाशी गवत उगवलं होतं. काबरी धावत घरी गेली. अंडं मागं ठेवलं तर कावळ्यांचं भय, म्हणून तिनं ते पंखाखाली घेतलं, गोटा चोचीनं रांगेकडे ढकलला आणि साळिंदराच्या मागं जागा धरली.

"तुमचं काय हो बुवा?" तिनं विचारलं.

"टोकदार काठी मागवली होती," साळिंदर म्हणालं. "वाघरू आलं तर जवळ असावी. किंमत म्हणून पाठीवरचे तीस काटे दिले. आली ती बोथट."

काबरीनं त्याच्या पाठीकडे बघितलं. अंगात हसू आलं होतं, पण चोचीपर्यंत पोचेना इतकी ती दमली होती.

बगळा रांगेवरून फिरत तिच्यापाशी आला, त्यानं तक्रार ऐकली, पलीकडे उडाला आणि निरोप घेऊन आला. विकणारे म्हणतात, आमच्याकडून गोटा गरमच निघाला होता. पिसं परत हवी असतील तर माल जसा पाठवला तसा परत करा. गरम पाठवला होता, गरमच घेऊ.

"गार झाला म्हणून तर परत करतेय ना!" काबरी ओरडली.

"ते मला सांगून काय उपयोग बाई?" बगळ्यानं दुसरा पाय खाली टेकला. "मी निरोप्या. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. मधल्यामधे माझे पाय मात्र ओले."

अंड्याचा आठवा दिवस उजाडत होता. काबरीच्या मनात एकच हिशेब होता. पिसं परत मिळाली की दुसरा गोटा मागवायचा, या खेपेला खेकड्याच्या हातापाया पडून चिखल चुकवायचा, आणि अंडं वाचवायचं. त्यासाठी हा गोटा गरम करायचा. कशानं करायचा? उन्हात ठेवून राखत बसलं तर इकडे कावळे अंड्यावर झडप घालतील. जवळ होतं तरी काय तिच्या? तिनं गोटा पोटाखाली घेतला, त्याच्याशेजारी अंडं सरकवलं, कावळ्याच्या नजरेला पडू नये म्हणून, आणि उघड्या छातीनं त्या दोघांवर बसली.

पहिल्या दिवशी बगळ्यानं चोच लावून बघितलं. "कोमट," म्हणाला. "कोमट घेत नाहीत."

काबरी बसून राहिली. पाणी थांबलं, पडछाया आल्या, आजूबाजूची निम्मी रांग माना लांब करून काठाकडे गेली. काबरीच्या पायांना खाज सुटली. पण उठलं की गोटा गार होणार, आणि रांगेतली जागा जाणार ती वेगळीच. ती उठली नाही.

तीन दिवसांनी बगळा म्हणाला, "गरम आहे. पण एकाच अंगानं. खालचं अंग गार लागतं. विकणारे म्हणतात, सगळीकडून सारखा हवा."

मग काबरी दिवसातून तीनचारदा गोटा फिरवू लागली. चोच खाली घालायची, हळूच उलटवायचा, पुन्हा बसायचं. गोटा फिरला की शेजारचं अंडंही आपोआप फिरायचं. जागाच तेवढी होती.

पुढच्या खेपेला बगळ्यानं शेवाळाला चोच लावली. "सुकलंय. माल दिला तेव्हा शेवाळ ओलसर होतं. तसंच लागेल."

"आणखी काही राहिलंय का?" काबरी म्हणाली. "गाणं म्हणून देऊ का गोट्याला?"

"तसं काही आलं तर कळवीन," बगळा म्हणाला. त्याला थट्टा कळत नसे, नाहीतर तो त्या कामावर टिकला नसता.

मग ती पहाटे गवताला अंग घासून दव घ्यायची आणि शेवाळावर झटकायची. तेवढ्यापुरती उठायची, लगेच बसायची. साळिंदर तिला कंद खणून आणून द्यायचं. तिला कंद आवडत नसत, पण ती खायची. कधी साळिंदर किडे उकरून पुढं टाकायचं आणि तोंड फिरवायचं.

"तुझ्या त्या अंड्याचं काय पुढं?" त्यानं एकदा विचारलं.

काबरीनं पंख आणखी आवळून घेतले. "त्याचीच काळजी आहे हो बुवा. पिसं लवकर आली तर बरं. नाहीतर ऊब मिळायची नाही त्याला."

साळिंदरानं तिच्याकडे बघितलं, तिच्या फुगलेल्या पंखांकडे बघितलं, काहीतरी बोलणार होतं. पण तेवढ्यात खेकड्यानं त्याला आवाज दिला आणि त्याच्या बोथट काठीवर टोकदार मालाची जकात का लागली ते समजावून सांगायला लागला. त्यात तो दिवस गेला. रांगेतलं बोलणं असंच तुटायचं.

गोदी एकदा येऊन गेली. शाल पाण्यात आटली होती, तीही परत करायची होती. "अगं काबरे, किती वाळलीस!" म्हणाली. आणि गोट्याला पंख लावून बघितला तर चटकाच बसला तिला. "अगो बाई! गरम आहे की चांगला! परत कशाला करतेस?"

"गार आहे म्हणून," काबरी म्हणाली.

गोदीनं एकदा गोट्याकडे बघितलं, एकदा काबरीकडे, आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. समजलं नाही की कुणी विचारत नाही, तिथली रीतच होती ती.

काबरीनं दिवस मोजले नव्हते. दमलेल्याला दिवस मोजता येत नाहीत, ते त्याच्यावरून जातात. एका दुपारी बगळा आला, त्यानं चोच लावली, उलटून लावली, शेवाळ चिमटीत धरून बघितलं. "झालं," म्हणाला. "अगदी पाठवला तसा. पाठवला त्याहून बरा म्हणा." आणि गोटा उचलून पलीकडे गेला. जाताना ओलसर शेवाळाला काबरीचं एक पीस चिकटलं होतं, तपकिरी, ठिपक्याचं. तिनं हाक मारली, पण तो उंच गेला होता.

गोटा गेला तरी काबरी उठली नाही. पिसं हातात येईपर्यंत रांग सोडायची नसते. आता पोटाखाली एकटं अंडं होतं. तिला बसायची सवय झाली होती, म्हणून ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा परतावा घेऊन आला. तीन पिसं.

"बारा दिली होती," काबरी म्हणाली.

"नेण्याआणण्याची गेली, बघण्याची गेली, शेवाळ झिजल्याची गेली."

"आणि ही तर पांढरी आहेत. माझी नाहीतच."

बगळ्यानं मान वाकडी करून पिसं बघितली. "पिसं ती पिसं," म्हणाला. रांगेच्या शेपटाशी गोदीनं उगाच शाल पाठीवर ओढून घेतली.

खेकडा आडवा आडवा पुढं आला. "ही पिसं कुठून आली?"

"पलीकडून. माझाच परतावा, साहेब."

"पलीकडून आलं म्हणजे आलेला माल. त्यावर आहे." आणि त्यानं त्यातलं एक पीस काढून घेतलं.

 भांडायचं कुठून सुरू करायचं तेच काबरीला आठवेना. दोन पांढरी पिसं चोचीत धरून ती उभी राहायला गेली. दोन पिसांत गोटा येत नाही, हे तिला माहीत होतं. घरी जायचं, आणि अंडं जांभळीखाली पुरून टाकायचं, एवढंच आता उरलं होतं. इतके दिवस आपण परक्याचा दगड उबवला आणि स्वतःचं अंडं शेजारी पडू दिलं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात खालून आवाज आला. टक.

काबरीनं खाली बघितलं. अंड्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. पुन्हा टक. चोचीचं टोक दिसलं. साळिंदरानं आपली बोथट काठी खाली ठेवली. तासादोन तासांनी कवच दोन ठिकाणी तडकलं आणि ओलं, वेडंविद्रं, डोळे मिचकावणारं एक पिल्लू नाक्याच्या वाळूत लवंडलं.

 काबरीच्या चोचीतून ती दोन पांढरी पिसं कधी पडली ते तिलाही कळलं नाही.

"हे कुठून आलं?" खेकड्यानं विचारलं.

"माझं आहे, साहेब."

"पलीकडून?"

"इथूनच. हे बघा, इथून." आणि तिनं आपली उघडी छाती दाखवली.

खेकड्यानं यादी बघितली. यादीत छाती नव्हती. तो पिल्लाजवळ आला, नांगी लावून बघितली, चटकन मागं घेतली, आणि वाळूवर लिहायला वाकला. "गरम," तो पुटपुटला. "ओलसर. गरम म्हणजे..." पण भरतीचं पाणी यादीच्या पहिल्या ओळीपर्यंत आलं होतं, तेव्हा तो नांगी आवरून बसला. पाणी ओसरलं की ठरवू म्हणाला.

काबरी जागची हलली नाही. पिल्लू तिच्या छातीला लागून सुकत होतं. पिसं नसलेल्या जागी त्याचं धडधडणं तिला थेट कातडीला कळत होतं. तिच्या दोन्ही आज्या अंड्यांवर बसायच्या, त्यांच्याही छातीला अशीच उघडी जागा होती, हे तिला इतक्या वर्षांनी आठवलं. तेव्हा ती त्या जागेला चोच लावून विचारायची, आजी, इथली पिसं कुठं गेली? आणि आजी म्हणायची, झोप आता.

भरती पुरी झाली. पाणी थांबलं. खाडीचा आरसा झाला आणि पलीकडच्या मालाच्या पडछाया एकामागून एक काठाशी आल्या. रांगेतली डोकी तिकडे वळली. सगळ्यात पुढं एक गोटा होता. गोल, गुळगुळीत, ओलसर हिरव्या शेवाळात, आतून जणू निखारा. आणि शेवाळाला चिकटलेलं एक तपकिरी पीस, ठिपक्याचं.

"आणखी एक आला!" गोदी पाण्याकडे धावली. "काबरे, बघ, या खेपेला पिसाची नक्षीपण आहे!"

काबरीनं बघितलं, आणि बघतच राहिली. पोटाखालचं काहीतरी सरकलं ते तिच्या ध्यानात आलं नाही. पिल्लाचे पाय सुकले होते. जन्मल्यापासून त्यानं एकच गोष्ट धड बघितली होती, ती म्हणजे आईचं ठिपक्याठिपक्यांचं अंग. पाण्यात त्याला तसाच ठिपका दिसला. ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि ओल्या वाळूवरून तुरुतुरु काठाशी गेलं.

"अगं धर त्याला!" साळिंदर ओरडलं.

काबरीनं पंख पसरून झेप घेतली. पिल्लानं मान तिरकी केली, चकाकणाऱ्या गोट्याकडे एका डोळ्यानं बघितलं, आणि आयुष्यातली पहिली टोच मारली.

पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उठलं आणि मोठं होत होत पलीकडे निघालं.